निवडून दिलेल्याला परत बोलावताना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात डिसेंबर २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर मला सांगितलं होतं, "तू तैवानला राहून आलीस ना, मग चिप कशी बनते यावर वीस मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की चिप कशी बनते हे मला धड माहीत नाही. मी चिप तपासणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. यंत्र अडलं की पहिला फोन मला येतो आणि चिप चांगली निघाली की मला कुणी विचारत नाही. त्यामुळे आज विषय बदलते. संयोजकांना कालच सांगितलंय. ते म्हणाले, "राजकारण नको हं." मी म्हटलं, "तैवानचं आहे." त्यावर ते निश्चिंत झाले. आपल्या बॅचचे व्हॉट्सअॅपवर आता दोन ग्रुप आहेत, एक नुसता 'बॅच ९६' आणि दुसरा 'बॅच ९६ नो पॉलिटिक्स', हे सगळ्यांना ठाऊकच आहे. संयोजक दोन्हीकडे आहेत, बिचारे.

मार्च २०२५ ते ऑगस्ट अखेर मी सिन्चू या गावात होते. तैपेईच्या दक्षिणेला. आपल्या हातातल्या फोनमधलं बरंचसं काही या गावच्या सायन्स पार्कशी जोडलेलं असतं. पण तिथले लोक गावाची ओळख सांगतात ती वाऱ्याची. 'वाऱ्याचं गाव'च म्हणतात त्याला. स्टेशनची इमारत जपान्यांच्या काळातली, १९१३ ची. मी पोचले त्याच आठवड्यात स्टेशनच्या बाहेर एक घडीचं टेबल दिसलं. त्यामागे चार बायका, बहुतेक माझ्याच वयाच्या, आणि टेबलावर फॉर्मांचे गठ्ठे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला कपड्याचे चिमटे लावलेले. मला वाटलं, रक्तदान शिबिर असेल.

ते होतं आमदार परत बोलावण्यासाठीच्या सह्यांचं टेबल. तिथल्या संसदेच्या सदस्याला मी आमदारच म्हणते, कारण संसदेत एकच सभागृह आहे आणि मतदारसंघ आपल्या विधानसभेसारखे आटोपशीर आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. जानेवारी २०२४ मध्ये तैवानमध्ये एकाच दिवशी दोन निवडणुका झाल्या. राष्ट्राध्यक्ष म्हणून डीपीपी पक्षाचे लाई चिंग-ते निवडून आले, पण तिरंगी लढतीत, ४० टक्के मतांवर. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी ११३ जागांच्या संसदेत त्यांचं बहुमत काढून घेतलं. कुओमिंतांग, म्हणजे तिथला जुना निळा पक्ष, ५२. डीपीपी, म्हणजे हिरवा पक्ष, ५१. तैवान पीपल्स पार्टी ८. उरलेले दोन अपक्ष निळ्यांच्या बाजूचे. निळे आणि आठ जण एकत्र आले, की सरकार एकीकडे आणि संसद दुसरीकडे. घर एकाच्या नावावर आणि किल्ल्या दुसऱ्याकडे, अशातली गत.

आणि मग जे व्हायचं ते झालं. मे २०२४ मध्ये संसदेनं स्वतःचे चौकशीचे अधिकार वाढवणारा कायदा केला. त्याविरुद्ध हजारो लोक संसदेबाहेरच्या रस्त्यावर उतरले. या रस्त्याची एक गंमत सांगते, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. रस्त्याचं नाव चिंगताओ. लोकांना वाटत होतं, की हे नाव लिहिलं तर समाजमाध्यमं पोस्ट दाबून टाकतात. म्हणून त्यांनी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं अक्षर वापरलं, 'पक्षी'. चिंगताओचं झालं 'निळा पक्षी', आणि आंदोलनाचं नावच 'ब्लूबर्ड' पडलं. म्हणजे आपण 'घ' ऐवजी 'ध' लिहून अल्गोरिदमला चकवावं, तसं. पुढे ऑक्टोबरात घटना न्यायालयानं त्या कायद्याचा बराचसा भाग रद्द केला. डिसेंबरात संसदेनं न्यायालयाचाच नियम बदलला: निकालासाठी किमान दहा न्यायमूर्ती हवेत. त्या वेळी पंधरापैकी आठच उरले होते, आणि राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेली नवी सात नावं संसदेनं चार दिवसांनी फेटाळली. जानेवारीत अर्थसंकल्पातून सुमारे २०० अब्ज तैवानी डॉलर कापले. हिरव्यांचं म्हणणं, हे देश खिळखिळा करणं आहे, तेही समोर चीन उभा असताना. निळ्यांचं म्हणणं, आम्हाला लोकांनी बहुमत दिलंय ते सरकारवर लगाम ठेवायलाच ना?

मी परदेशी. मत नाही, सही नाही. पण रोज त्या टेबलावरून जायचे आणि रोज थोडं थोडं समजायचं.

त्यांच्या कायद्यात रिकॉल आहे, म्हणजे निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावणं. तीन पायऱ्या. आधी मतदारसंघातल्या एक टक्का मतदारांनी प्रस्ताव द्यायचा. मग साठ दिवसांत दहा टक्क्यांच्या सह्या. मग मतदान. 'हो' म्हणणारे 'नाही' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत, शिवाय 'हो'ची मतं एकूण यादीच्या किमान पंचवीस टक्के हवीत. पहिलं वर्ष आमदाराला हात लावायचा नाही. हे वर्ष १ फेब्रुवारी २०२५ ला संपलं आणि लोक तयारच बसले होते. सहा आमदार पडले आणि पोटनिवडणुकीत त्या जागा हिरव्यांनी घेतल्या, की ५१ चे ५७ होतात आणि बहुमत फिरतं. एकेकट्या आमदाराच्या गैरवागणुकीवर ठेवलेला उपाय सगळ्या निवडणुकीचा निकाल उलटवायला काढला होता.

सह्या कागदावर, स्वतःच्या हातानं. नाव, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख आणि नोंदणीचा पत्ता, अगदी वॉर्ड आणि आळीच्या आकड्यासकट, ओळखपत्रावर आहे तस्सा. एक अक्षर चुकलं तर फॉर्म बाद होऊ शकतो. जगाला चिप पुरवणाऱ्या देशात लाखो लोक बॉलपेननं पत्ते लिहीत होते. मला आधी हसू आलं. मग वाटलं, बरंय. बटण दाबून एका मिनिटात होणाऱ्या गोष्टीला आणि टेबलाशी उभं राहून दहा मिनिटं पत्ता उतरवायच्या गोष्टीला एकच किंमत नसते. आमच्या ऑफिसात चुकीचं व्हर्जन मागे घेता येतं, पण त्यासाठी दोघांची परवानगी लागते. नाहीतर रोज रात्री कुणीतरी काहीतरी मागे घेईल.

या कायद्याचा इतिहास मी रात्री बसून वाचला आणि मला तो त्या आंदोलनापेक्षाही रंगतदार वाटला. २०१६ पर्यंत रिकॉल तिथे नावालाच होतं. निम्म्या मतदारांनी मतदानाला यायलाच हवं अशी अट, आणि वर रिकॉलचा प्रचार करायला बंदी! म्हणजे लग्न करा, पण पत्रिका छापू नका. २०१४ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर काही तरुणांनी 'अपेंडिक्स काढा' अशी मोहीम काढली. चिनी भाषेत 'अपेंडिक्स' आणि 'निळा आमदार' यांचा उच्चार जवळपास सारखा. फेब्रुवारी २०१५ मध्ये तैपेईतल्या एका आमदारावर मतदान झालं. आलेल्यांपैकी बहुतेक सगळे काढून टाका म्हणाले, पण आले फक्त पंचवीस टक्के. आमदार वाचला. मग २०१६ मध्ये नव्या संसदेनं अट खाली आणली, बंदी उठवली.

आणि मग बघा. खाली आणलेल्या अटीची पहिली चव कुणाला मिळाली, तर हुआंग कुओ-चांग यांना. २०१४ च्या आंदोलनातले पुढारी, आणि अट कमी करा म्हणणाऱ्या पक्षाचे नेते. समलिंगी विवाहाला त्यांचा पाठिंबा होता म्हणून विरोधकांनी २०१७ मध्ये त्यांच्यावरच रिकॉल आणलं. काढा म्हणणारे ४८ हजारांहून जास्त, ठेवा म्हणणारे साधारण २१ हजार. दुपटीनं हरले, पण पंचवीस टक्क्यांची रेघ ६३ हजारांच्या पुढे होती, म्हणून वाचले. तेच गृहस्थ २०२५ मध्ये पीपल्स पार्टीचे अध्यक्ष म्हणून या सामूहिक रिकॉलच्या विरोधात भाषणं करत होते.

दुसरे हान कुओ-यू. काओशुंग या हिरव्यांच्या बालेकिल्ल्यात २०१८ मध्ये निळ्यांचे महापौर म्हणून निवडून आले. सगळ्यांना आश्चर्य. आणि लगेच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायला निघाले. शहराला राग आला. ६ जून २०२० ला काओशुंगच्या ९ लाख ३९ हजार मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. ही मतं त्यांना निवडून देणाऱ्या मतांपेक्षा जास्त होती. तिथे इतका मोठा पदाधिकारी याआधी असा गेला नव्हता. आता ते कुठे आहेत? फेब्रुवारी २०२४ पासून संसदेचे सभापती आहेत. २०२५ मधल्या रिकॉलला विरोध करणाऱ्या बहुमताच्या व्यासपीठावर, सगळ्यात उंच खुर्चीत. आणि खुद्द रिकॉलचे नियम आणखी कडक करणारी दुरुस्ती याच संसदेनं डिसेंबर २०२४ मध्ये केली. ज्याच्या हातात काठी असते त्याला ती लांब हवी असते आणि पाठीवर बसणार असली की आखूड. दोन्ही रंगांचं हेच.

माझा एक सहकारी ताओयुआनचा. शेजारचंच शहर. तिथल्या सहाही मतदारसंघांत निळे आमदार, आणि सहाही जणांवर रिकॉल. त्याचे आजोबा १९४९ मध्ये चँग कै-शेकच्या सैन्याबरोबर बेटावर आलेले, म्हणून वडील निळे. आई तिथलीच, निवृत्त शिक्षिका, आणि ती सह्यांच्या टेबलावर. त्यांच्या घरी मी दोनदा जेवले. घरात दोन टीव्ही. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, आणि दोन्हीवर वेगवेगळी बातम्यांची वाहिनी. तैवानमध्ये वाहिन्यांनाही रंग आहेत. (इथे कुणी हसू नका. आपल्याकडे एकच टीव्ही असतो आणि रिमोटवरून भांडण होतं, एवढाच फरक.) त्या बाई सकाळी आठला टेबल मांडायला निघायच्या आणि ते घडीचं टेबल जिन्यावरून खाली आणून द्यायचं काम नवरा करायचा. रोज. "तुम्ही तर विरोधात ना?" असं मी मुलाकडून विचारवलं. म्हातारबुवा म्हणाले, "टेबल जड आहे."

त्यांनी मला एकदा विचारलं, "तुमच्याकडे नको झालेला आमदार कसा काढता?" मी म्हटलं, पाच वर्षं थांबतो. मग आठवून आठवून सांगितलं. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ मध्ये परत बोलावण्याचा हक्क मागितला होता, पण आमदार-खासदारांसाठी तो आजतागायत आलेला नाही. मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी आहे. तिथे मतपत्रिकेवर एक भरलेली खुर्ची असते आणि एक रिकामी, आवडेल तिच्यावर शिक्का. हे त्यांना फार आवडलं. आमच्याकडे आमदार स्वतःच पक्ष बदलतात, अख्खे पक्ष फुटतात, २०२२ ला एक, २०२३ ला दुसरा, आणि मतदारानं काय म्हणायचं ते २०२४ ला म्हणायचं, हे मात्र समजावता समजावता माझी दमछाक झाली. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा सांगितला तर म्हणाले, "मग हे झालं कसं?" त्यावर मी चहा घेतला.

त्यांना सगळ्यात भावली ती आपली आडवी बाटली. महाराष्ट्रात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, त्या अधिकाऱ्यांनी तपासल्या, की दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आणि आडव्या बाटलीला नुसतं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. जी मतदानाला आलीच नाही ती आपोआप दुकानदाराच्या बाजूची धरली जाते. सहकाऱ्याची आई म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे आमदार काढायला कायदा नाही, पण दारूचं दुकान काढायला आमच्यापेक्षा कडक आहे."

आता ज्यासाठी विषय बदलला तिथे येते.

एप्रिलमध्ये एक प्रकरण गाजलं. निळ्यांनीही सूड म्हणून हिरव्या आमदारांवर रिकॉल काढलं होतं. त्यांच्या फॉर्मांमध्ये मेलेल्या माणसांच्या सह्या निघाल्या. काही ठिकाणी पक्षाच्या जुन्या सभासद-याद्यांवरून बसून उतरवलेली नावं. छापे पडले, स्थानिक पदाधिकारी अटकेत गेले. शेवटी हिरव्यांविरुद्धचं एकही रिकॉल मतदानापर्यंत पोचलं नाही. त्या संध्याकाळी जेवणाच्या सुटीच्या गप्पांत सगळे हसत होते. "मेलेला माणूस अक्षर किती सुंदर काढतो बघा!" मी हसले नाही. मला एकदम नववी ब आठवली.

१९९४. दिवाळीच्या सुटीनंतरचा पहिला आठवडा. बॅचमधल्यांना आता कळलं असेल. जूनमध्ये आपण चिठ्ठ्या टाकून मॉनिटर निवडली होती. नाव घेत नाही. ती आज इथे आहे, तिची परवानगी मी घेतली आहे, "नाव नको" एवढीच तिची अट. ती फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. आपल्याला, म्हणजे मागच्या तीन बाकांना, वाटायचं की ती आपलीच नावं लिहिते आणि तिच्या शिकवणीतल्या मुलींची लिहीत नाही. मी फुलस्केप कागद घेतला, वर 'पक्षपात' हा शब्द लिहिला (दोनदा, एकदा चुकीचा) आणि सह्या गोळा करायला लागले. बाई, तुम्ही म्हणालात, "चिठ्ठ्या टाकून निवडलीय, अशी कशी काढू? वर्गातल्या दोन तृतीयांश मुलांच्या सह्या आणा, मग बघू." वर्गात आपण ५४. म्हणजे ३६ हव्यात. तीन दिवस मधल्या सुटीत फिरले आणि आल्या ३४.

उरलेल्या दोन मी केल्या. दोन मुलं त्या आठवड्यात गैरहजर होती. मी त्यांच्या वह्या बाकाखालून काढल्या, नावं बघून बघून उतरवली. एकाचं वळण जरा तिरकं होतं, ते घरी रफ वहीत गिरवून आणलं. तुम्ही मोजल्या, ३६ भरल्या, आणि मॉनिटर बदलली. पुढची मॉनिटर कोण झाली हेही सगळ्यांना आठवतंय. मी झाले. आणि दुसऱ्या आठवड्यापासून फळ्यावर नावं लिहायला लागले.

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही. विसरले होते म्हणणं खोटं होईल. ती लहानपणचा खोडकरपणा म्हणून एका कप्प्यात टाकली होती. तिथल्या डिसेंबरातल्या दुरुस्तीत दुसऱ्याच्या नावानं सही करणाऱ्याला तुरुंगाची तरतूद आहे, हे वाचलं तेव्हा मी बसल्या जागी पाय वर घेतले.

२६ जुलैला, शनिवारी, २४ आमदारांवर एकदम मतदान झालं. सिन्चूचा आमदार त्यात होता, शिवाय सिन्चूच्या निलंबित महापौरांवरही त्याच दिवशी वेगळं मतदान. पण मी सहकाऱ्याबरोबर ताओयुआनला गेले. तिथे मत नोंदणीच्या पत्त्यावरच द्यावं लागतं. टपालानं नाही, परगावाहून नाही. त्यामुळे मतदानाच्या दिवशी रेल्वे भरून वाहते. गणपतीला कोकणात जातो ना आपण, तशी.

केंद्र एका प्राथमिक शाळेत. आठ ते चार मतदान. चार वाजता दार लावलं, आणि त्याच वर्गात, त्याच पेटीतून मोजणी सुरू. कुणीही उभं राहून बघू शकतं. आम्ही खिडकीशी उभे राहिलो. बाकं बाजूला सारलेली, फळ्यावर मोठे कागद चिकटवलेले. एक जण मतपत्रिका दोन्ही हातांनी उंच धरतो, सगळ्यांना दाखवतो, मोठ्यानं म्हणतो, "तोंगयी", म्हणजे मान्य. किंवा "पू तोंगयी", अमान्य. दुसरा फळ्यावर एक रेघ मारतो. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी काढतो ना, तसं ते पाच रेघांचं एक अक्षर पुरं करतात. त्या अक्षराचा अर्थ 'सरळ', 'योग्य'. आपल्याकडे मतपत्रिका होत्या तेव्हा इथल्या सरांनी आणि बाईंनी निवडणुकीच्या ड्यूटीवर रात्र रात्र मोजण्या केल्या आहेत. त्यांना हे चित्र डोळ्यासमोर येईल. तिथेही रेघा मारणारे बहुतेक शिक्षक आणि सरकारी नोकरच होते, आणि खडू पकडल्यासारखाच पेन पकडत होते.

अर्ध्या तासात कळलं. "पू तोंगयी"ची अक्षरं पुढे पुढे जात राहिली. सहकाऱ्याची आई हाताची घडी घालून उभी होती, ती तशीच उभी राहिली. रात्रीपर्यंत देशभरचे आकडे आले. २४ पैकी २४ आमदार वाचले. पंचवीस टक्क्यांच्या रेघेमुळे नव्हे. चोवीसही ठिकाणी 'नको' म्हणणारेच जास्त होते. महापौरही वाचल्या. ऑगस्टच्या २३ तारखेला उरलेल्या सातांवर मतदान झालं, तेही सात वाचले. ३१ पैकी शून्य. त्याच दिवशी एका बंद पडलेल्या अणुवीज केंद्राबद्दल सार्वमत होतं. त्यात बाजूनं ४३ लाखांहून जास्त मतं पडली, विरोधात त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत, तरी ते नापास, कारण तिथेही यादीच्या पंचवीस टक्क्यांची रेघ, आणि ती पन्नास लाखांच्या आसपास. नियमाची एक रेघ किती काम करते ते एका महिन्यात दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं.

माझं मत विचाराल तर मला वाटतं, हिरव्यांनी चूक केली. माणूस चोर निघाला, खोटा निघाला, शहर सोडून पळाला, तर त्याला परत बोलवा. चोवीस जणांना एकाच कारणासाठी परत बोलावणं म्हणजे गेल्या निवडणुकीचा निकाल आवडला नाही म्हणून पेपर पुन्हा मागणं. ज्यांना ते आमदार आवडत नव्हते असेही बरेच जण 'नको' म्हणाले असणार. पण टेबलावरच्या त्या बायकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी पावसात, वाऱ्यात, शिव्या खाऊन लाखो खऱ्या सह्या जमवल्या. त्यांची भीती खरी होती, आणि तिथून चीनचा किनारा शंभर-दीडशे किलोमीटरवर आहे, इथे बसून ती भीती तोलता येत नाही. खोट्या सह्यांनी एकही आमदार पडला नाही, खऱ्या सह्यांनीही पडला नाही. फरक एवढाच, की खऱ्यांवर निदान मतदान झालं.

त्या रात्री जेवताना घरात दोन्ही टीव्ही बंद होते. वडिलांनी जिन्याखालचं टेबल पुसून वर नेलं आणि बायकोला विचारलं, "आता हे भाजी निवडायला घेऊ का?" ती म्हणाली, "चार वर्षांनी लागेल." मुलानं मला भाषांतर करून सांगितलं आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, मी हसते का ते.

ऑगस्टमध्ये मी आपल्या मॉनिटरला फोन केला. एकतीस वर्षांत आम्ही बोललो नव्हतो असं नाही. लग्नाला गेलो, मुलांच्या बारशाला गेलो. पण ग्रुप फुटला तेव्हा ती एका ग्रुपवर राहिली आणि मी दुसऱ्या, आणि मग ते 'बोलू कधीतरी' वर गेलं. मी सगळं सांगून टाकलं. ३४, ३६, रफ वही, सगळं. पलीकडे शांत. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाली, "दोन सह्या तुझ्या होत्या हे मला त्याच दिवशी कळलं होतं. एक जण कांजिण्यांनी घरी होता आणि दुसरा मामाच्या लग्नाला नागपूरला. हजेरीपट माझ्याकडेच असायचा ना."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? चौतीस खऱ्या होत्या. चौपन्नातल्या चौतीस जणांना मी नको असताना दोन सह्यांवरून भांडून मी फळ्यासमोर उभी राहिले असते, तर कुणाकडे बघितलं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, "मेळाव्यात सांगू का हे?"

"सांग. पण एक जोड. तुझं नाव मी त्या टर्ममध्ये तीन वेळा फळ्यावर लिहून पुसलं होतं, बाई यायच्या आधी. पक्षपात केला होता मी, पण तुझ्या बाजूनं. तेवढं सांग."

सांगितलं. बाई, तो कागद तुम्ही ठेवला असेल असं मला वाटत नाही, पण कुठे असलाच, तर त्यातल्या दोन सह्या वजा करा.